स्वभाव, आजार की संसाराचा ताण? एका नवऱ्याच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न: माझं वय ३६, बुटीबोरीला प्रॉडक्शनमध्ये आहे. लग्नाला सहा वर्षं झाली, चार वर्षांची मुलगी आहे, नागपुरात मानेवाड्याला आईवडिलांसोबत राहतो. बायको सकाळी म्हणते, "तुमच्यासारखा माणूस मिळाला हे माझं नशीब." संध्याकाळी फोन उचलायला उशीर झाला की पंचवीस-तीस मिस कॉल, घरी आल्यावर आदळआपट आणि "तुम्हाला मी नकोच आहे." मैत्रिणी तिच्या टिकत नाहीत. दिवाळीत भांडण झालं तेव्हा तिनं मनगटावर ब्लेड मारून घेतलं. जखम वरवरची होती म्हणून कुठं नेलं नाही. बहिणीनं 'बॉर्डरलाइन' नावाच्या व्यक्तिमत्त्वविकारावरची एक रील पाठवली, सगळं जुळतं. आई म्हणते ताजबागच्या दर्ग्यात घेऊन जा. काका म्हणतात, डॉक्टरचं सर्टिफिकेट काढ आणि फॅमिली कोर्टात टाक. हा व्यक्तिमत्त्वविकार आहे का, हे ओळखायचं कसं?

उत्तर: ओळखायचं कसं ते सांगते, पण आधी ब्लेडचं.

जखम किती खोल होती यावरून त्या क्षणी मनात काय होतं ते कळत नाही. "नाटकं करून राहिली" हे वाक्य माझ्या तपासणीच्या खोलीत नवरे म्हणतात, सासवा म्हणतात, कधीकधी सख्खी आईसुद्धा म्हणते. एकदा स्वतःला इजा केलेल्या माणसाच्या जिवाला पुढच्या काळात इतरांपेक्षा जास्त धोका असतो, मग ती इजा रागात केलेली असो, कुणाला घाबरवायला असो, की आतली तगमग सहन होईना म्हणून असो. त्यामुळे शांत वेळ पाहून त्यांना सरळ विचारा: "तुला मरून जावंसं वाटतं का? आत्ताही वाटतं का? काही ठरवलं आहेस का?" विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं.

उत्तर 'हो' असेल तर त्यांना एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी मेडिकलच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत न्या. रात्री-बेरात्री काय करावं सुचत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. घरातल्या झोपेच्या-बीपीच्या गोळ्या, उंदराचं औषध, गावी शेती असेल तर तिकडून आलेली फवारणीची बाटली, हे सगळं आजच कुलपात ठेवा. पोलीस केसच्या धाकानं जखम लपवू नका. दवाखान्यात नोंद होईल, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरायचं असतं. तिला शिक्षा करायची नाही, उलट उपचार आणि आधार देणं सरकारवर बंधनकारक आहे.

आता तुमचा प्रश्न. पत्रावरून मी निदान करणार नाही, आणि कुणी करून दिलं तर त्यावर विसंबू नका. रील जुळली याचं मला नवल वाटत नाही. चाळीस सेकंदांत सांगता येण्याजोगी लक्षणं निम्म्या नागपूरला जुळतील, मलाही जुळतील. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या जोडप्यातला एक जण दुसऱ्याचं निदान मोबाइलवर करूनच येतो. बायकांच्या तोंडी 'नार्सिसिस्ट' (आत्ममग्न) असतं, नवऱ्यांच्या तोंडी 'बायपोलर' नाहीतर 'बॉर्डरलाइन'.

खोलीत मी काय पाहते ते सांगते. व्यक्तिमत्त्वविकार म्हणजे ताप यावा तसा येऊन जाणारा आजार नव्हे. माणसाची स्वतःकडे पाहायची, दुसऱ्याशी नातं जोडायची आणि भावना पेलायची जी घडण असते, तीच अशी अडेलतट्टू झालेली असते की त्याचं स्वतःचं आणि जवळच्यांचं जगणं वारंवार त्याच जागी मोडतं. साधारणपणे हे पंधरा ते पंचवीस या वयात दिसायला लागतं. एखाद्या वाईट महिन्यावरून ते ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं जे वर्गीकरण २०२२ पासून लागू झालं, त्यात अशा अडचणी दोन वर्षं किंवा जास्त काळ चालू असाव्यात असं धरलं आहे. त्याच वर्गीकरणात जुन्या नावांची मोठी यादी जवळजवळ मोडीत काढून आधी तीव्रता पाहायला सांगितलं आहे: सौम्य, मध्यम की तीव्र. 'बॉर्डरलाइन' हा नमुना तेवढा वेगळा नोंदवायची सोय ठेवली आहे. मला स्वतःला ही पद्धत जास्त पटते, कारण घरच्यांना नावापेक्षा किती निस्तरावं लागणार आहे हे कळायला हवं असतं.

म्हणून तुमच्यासाठी पहिला प्रश्न असा की लग्नाआधी त्या कशा होत्या? आणि इथंच आपल्याकडच्या नवरा-बायकोची पंचाईत होते. ठरवून झालेल्या लग्नात कांदेपोहे, दोन भेटी, साखरपुडा, मग तीन-चार महिने फोन. एकमेकांची विशी कुणी पाहिलेलीच नसते. माहेरचे खरं सांगतील याचा भरवसा नसतो, कारण त्यांना वाटतं पोरीचा संसार मोडेल. थोरल्या बहिणीला, मामीला किंवा कॉलेजच्या जुन्या मैत्रिणीला विचारलं तर बरंच कळतं. पण चौकशी करतो आहोत असं न वाटू देता विचारायचं. "तिला काय झालं म्हणजे ती फार दुखावते? आधी असं व्हायचं तेव्हा तुम्ही काय करायचे?" इतकं पुरे. उत्तर आलं की "नाही हो, ती तर आमच्याकडची सगळ्यात हसरी", तर मी व्यक्तिमत्त्वविकार बाजूला ठेवून लग्नानंतर किंवा बाळंतपणानंतर काय घडलं ते शोधायला लागते.

दुसरा प्रश्न: हे फक्त तुमच्याशीच होतं की सगळीकडे? मैत्रिणी टिकत नाहीत असं तुम्ही लिहिलं आहे. ती महत्त्वाची खूण असू शकते. पण कशा तुटल्या? आधी खूप जवळीक, "तीच माझी सगळं काही", आणि मग एखाद्या बारक्या गोष्टीवरून कायमची कट्टी, असं पुन्हापुन्हा झालं असेल तर त्याला अर्थ आहे. लग्न होऊन दुसऱ्या गावाहून मानेवाड्याला आल्या, नोकरी सुटली, मूल झालं आणि मैत्रिणी हळूहळू गळाल्या, तर ती आपल्याकडच्या निम्म्या बायकांची कहाणी आहे.

तिसरी गोष्ट वेळ. यासाठी मी घरच्यांना पंधरा दिवस एका वहीत लिहायला सांगते. मत लिहायचं नाही, फक्त घडलेलं. समजा एक पान असं झालं:

"बुधवार. ४.१० ला पहिला फोन, माझा लॉकरमध्ये. ५.३० ला पाहिलं, वीसेक मिस कॉल. बसमधून केला, उचलला नाही. ६.४५ घरी. 'कोण होतं सोबत?' मी म्हटलं, 'झालं का सुरू?' ९.३० ताट आपटलं. आई म्हणाली, 'पोरगी झोपून राहिली, तमाशे बंद करा.' ११.३० रडत म्हणाली, 'मला सोडू नका.' सकाळी डबा नीट भरलेला, काही झालंच नाही असं वागणं. मी दोन दिवस बोललो नाही."

यात घरच्यांना ताट आपटलेलं दिसतं. मला ४.१० दिसतं. त्या वेळी काय झालं होतं? माहेरून काही फोन आला होता का, मुलगी पडली होती का, की नुसतंच घर रिकामं वाटलं? मग पाहते ते हे की उसळी किती वेळ टिकली. इथं सात-साडेसात तास. आणि शेवट कसा झाला? जिंकल्याच्या आनंदात नाही, "सोडू नका" या भीतीत. बॉर्डरलाइन नमुन्यात हे पुष्कळदा दिसतं: जवळचा माणूस दूर गेला, किंवा तसं नुसतं वाटलं, तरी पायाखालची जमीन सरकते. मनाची स्थिती काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत पालटते. तोच माणूस सकाळी देव असतो आणि संध्याकाळी वैरी. सोबत आतून रितेपण, अविचारानं पैसे उधळणं किंवा सुसाट गाडी चालवणं, स्वतःला इजा, न आवरणारा राग, आपण नेमक्या कोण आहोत हेच न कळणं. अमेरिकन निकषांत अशी नऊ लक्षणं आहेत आणि निदानाला किमान पाच लागतात, तीही तरुणपणापासून आणि वेगवेगळ्या ठिकाणी दिसणारी.

त्याच पानावर आणखी दोन वाक्यं आहेत ती तुम्ही बहुधा वाचलीच नसतील: "झालं का सुरू?" आणि "मी दोन दिवस बोललो नाही." ज्या माणसाची सगळ्यात मोठी भीती टाकून दिलं जाण्याची आहे, त्याच्याशी धरलेला अबोला म्हणजे आगीत तेल. भांडण तुमच्यामुळे होतं असं मी म्हणत नाही. पण वहीत स्वतःची वाक्यं लिहिली नाहीत तर ती वही गुन्ह्यांची यादी होते. त्यांच्या हाती पडली तरी तुम्हाला तोंड लपवावं लागणार नाही अशी लिहा. आणि चोरून व्हिडिओ काढू नका. काही नवरे माझ्यासमोर मोबाइल धरून बायकोच्या किंचाळण्याचे व्हिडिओ दाखवतात. त्यातून मला कळतं ते एवढंच की बायको किंचाळत असताना हा शूटिंग करत उभा होता.

असं दिसणारे दुसरे आजार वगळल्याशिवाय कुठलाही जबाबदार डॉक्टर 'बॉर्डरलाइन' लिहिणार नाही. सर्वांत जास्त घोळ बायपोलरशी होतो. त्यात चढलेली मनःस्थिती दिवसेंदिवस राहते: सौम्य चढ म्हणजे हायपोमेनिया, त्याला सलग चार दिवस, आणि तीव्र चढ म्हणजे मेनिया, त्याला आठवडा हा निकष आहे. झोप तीन-चार तासांवर येते आणि तरी थकवा नसतो. उतरती बाजू दोन आठवडे किंवा त्याहून लांबते. सकाळी एक आणि संध्याकाळी एक, याला लोक सर्रास बायपोलर म्हणतात, पण बहुधा ते नसतं. तुमची मुलगी चार वर्षांची आहे. हे सगळं बाळंतपणानंतर सुरू झालं किंवा वाढलं असेल तर प्रसूतीनंतरचं नैराश्य उपचाराविना रेंगाळलेलं असू शकतं, आणि नैराश्यात रडण्यापेक्षा चिडचिड जास्त दिसणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहते. पाळीच्या आधीचा आठवडा आणि बाकीचे तीन आठवडे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे का, ते वहीतून कळेल. थायरॉईडची तपासणी कराच. लहानपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, आईबापांनी टाकणं असं काही घडलं असेल तर त्याचे घाव मोठेपणी असेच दिसतात. ते खोदून काढायचं काम मात्र तुमचं नाही.

चाळिशी-पन्नाशीपर्यंत सरळ असलेला माणूस अचानक शिवराळ, बेफिकीर, उधळ्या झाला तर मी मेंदूच्या डॉक्टरकडे आधी पाठवते, आणि दारू किती चालते ते विचारते. रोज पिणारा नवरा बायकोवर घेत असलेला संशय हा वेगळाच प्रकार असतो, आणि धोकादायकही.

आणि एक शक्यता कुणालाच आवडत नाही ती म्हणजे आजार नाहीच. नवरा बारा तास बाहेर, घरात सासूचा शब्द शेवटचा, हातात स्वतःचा पैसा नाही, मनातलं बोलायला जागा नाही. अशा घरात फोनवर फोन करणारी बाई घाबरलेली असते, विकारग्रस्त असेलच असं नाही. आपल्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत मारबत गावाबाहेर नेतात. काही घरांना आपल्यातल्याच एका माणसाची वर्षभर मारबत करून ठेवायची सवय असते, सगळ्यांची पीडा त्याच्या अंगावर. निदानाचा कागद त्यासाठी फार सोयीचा असतो. म्हणूनच मी नेहमी विचारते, हा कागद कुणाला हवा आहे?

तुमच्या काकांना हवा आहे असं दिसतं, तर कायद्याचं थोडक्यात सांगते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मानसिक आजार हे घटस्फोटाचं कारण आहे, पण आजाराचं नाव कोर्टात ठेवलं की काम झालं असं नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच राम नारायण गुप्ता खटल्यात सांगितलं की नुसतं लेबल पुरत नाही. आजार इतक्या प्रमाणात असला पाहिजे की जोडीदारानं सोबत राहावं अशी अपेक्षाच करता येऊ नये. तो खटला तर स्किझोफ्रेनियाचा होता. शिवाय कोर्टात आजाराचा दावा कुणी केला आणि समोरच्यानं तो नाकारला, तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे प्रकरण मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे जातं. त्यामुळे "मॅडम, दोन ओळी लिहून द्या" असं म्हणत येणाऱ्यांना मी पेशंट पाहिल्याशिवाय एक ओळही देत नाही, आणि पाहिल्यावर ती ओळ पेशंटची असते, नवऱ्याची नाही. वेगळं व्हायचंच असेल तर परस्पर संमतीचा रस्ता आहे, त्याला कुणाला वेडं ठरवावं लागत नाही.

हे उत्तर वाचणाऱ्या बायकाही असतील, म्हणून इतर नमुन्यांबद्दल थोडं लिहिते. सगळ्यांवर संशय, बायको दुधवाल्याशी दोन शब्द जास्त बोलली तरी चौकशी, जुने अपमान वर्षानुवर्षं उगाळणं: हा संशयी नमुना. कुणाची गरजच नाही, लग्नातही पाहुण्यासारखा: अलिप्त. माझ्यासारखा मीच, टीका जराही सहन नाही, दुसऱ्याचं दुखणं दिसतच नाही: आत्ममग्न. भाजी कोणती आणायची हेही आईला विचारणारा, एकट्यानं रात्र न काढू शकणारा: परावलंबी.

एक नमुना आपल्याकडे हमखास सुटतो, कारण त्याचं कौतुक होतं. माणूस सरकारी नोकरीत, वक्तशीर, एक पैसा इकडचा तिकडे नाही, समाजात मान. घरात मात्र टॉवेल कसा वाळत घालायचा याचा नियम, फ्रिजमधल्या डब्यांचा क्रम ठरलेला, उन्हाळ्यात ४५ डिग्रीतही कूलर ठरलेल्या वेळेआधी लावायचा नाही, बायकोनं शंभर रुपयांचा हिशेब दिला नाही तर रात्रभर व्याख्यान. मुलं बाबा आले की खोलीत पळतात. "शिस्तीचे आहेत" म्हणत तीस वर्षं जातात, आणि रिटायर झाल्यावर हाताखाली माणसं उरत नाहीत तेव्हा सगळी शिस्त एकट्या बायकोवर येते. मग या बाई माझ्याकडे स्वतःच्या झोपेची तक्रार घेऊन येतात. याला ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, समजू नका. ओसीडीचा पेशंट स्वतःच्या विचारांनी हैराण असतो, हात धुऊन धुऊन रडकुंडीला येतो. या माणसाला आपलं काही चुकतं असं वाटतच नाही, बाकीचे सगळे ढिसाळ आहेत हीच त्याची तक्रार.

आणि मारहाण. नवरा मारतो म्हणून "त्यांना काही आजार असेल का?" असं विचारत बायका येतात. मी उलट विचारते, ते साहेबांवर हात उचलतात का? सीताबर्डीच्या गर्दीत धक्का मारणाऱ्या धिप्पाड माणसावर? नाही ना? ज्याला कुठं हात आवरायचा हे कळतं, त्याला तो घरीही आवरता येतो. आजार असो वा नसो, सुरक्षित राहण्यासाठी निदानाची वाट पाहायची नाही. १८१ आणि ११२ हे नंबर आहेत, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. तुमच्या घरी ताट आपटण्याच्या पलीकडे कुणी कुणावर हात टाकत असेल, त्या तुमच्यावर किंवा तुम्ही त्यांच्यावर, तर पत्रात ते राहून गेलं आहे, डॉक्टरांना मात्र सांगा.

तुमच्याकडे परत येते. त्यांना दवाखान्यात कसं न्यायचं? "तुला बॉर्डरलाइन आहे, रील बघ" असं म्हणून तर मुळीच नाही. भांडणात फेकलेलं आजाराचं नाव पुढं वर्षभर निस्तरत नाही, आणि खरंच आजार असला तर त्या उपचाराला कधीच येणार नाहीत. आपलं वाक्य स्वतःपासून सुरू करा: "दिवाळीपासून मला नीट झोप नाही. तुला पुन्हा काही होईल याची भीती वाटते. आपण दोघं कुणाला तरी दाखवू." त्या नाही म्हणाल्या तर तुम्ही एकटे जा. घरातल्या एकाचं वागणं बदललं तरी भांडणाचा नेहमीचा रस्ता मोडतो, आणि पुष्कळदा दुसरा माणूस "डॉक्टर माझ्याबद्दल काय म्हणाले" हे पाहायला तरी येतोच.

मनोरुग्णालयाचं नाव काढलं की आपल्या गावात अजूनही पागलखाना चौक आठवतो. चौकालाच ते नाव पडल्यावर लोकांना काय दोष द्यायचा! प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे, तिथं दाखवलं म्हणजे भरती करतात असं नाही. मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स इथंही मानसोपचार विभाग आहेत. आईंना ताजबागला जायचं असेल तर जाऊ द्या, सूनही आनंदानं जात असेल तर सोबत जाऊ द्या. भांडण फक्त एवढ्यावर करा की तेवढ्यावर थांबायचं नाही आणि सुरू असलेली गोळी कुणाच्या सांगण्यावरून बंद करायची नाही.

निदान पहिल्या भेटीत होणार नाही. दोन-चार भेटी लागतात, त्यांच्याशी एकट्याशी बोलावं लागतं, तुमच्याशी वेगळं. त्यांनी डॉक्टरांना काय सांगितलं हे तुम्हाला कळणार नाही, आणि कळू नये. पहिल्याच भेटीत दहा मिनिटांत नाव आणि पाच गोळ्या मिळाल्या तर दुसरं मत घ्या. बॉर्डरलाइन घालवणारी गोळी नाही. नैराश्य, झोप, अतिचिंता सोबत असेल तर त्यासाठी औषध देतात. मुख्य उपचार बोलण्याचा आहे. मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी यासाठी 'डीबीटी' नावाची पद्धत बसवली, आणि २०११ मध्ये त्यांनी जाहीर सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः अशाच अवस्थेत रुग्णालयात होत्या. त्यात भावनेची लाट आली की ब्लेडकडे न जाता ती कशी उतरू द्यायची, हे अक्षरशः शिकवतात. आठवड्याला एक भेट, जोडीला कौशल्यांचा वर्ग, साधारण वर्षभर. नागपुरात हे पूर्ण स्वरूपात शिकलेले थेरपिस्ट फार नाहीत. पण डीबीटीची कौशल्यं वापरणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत आणि ऑनलाइन उपचारही चालतो. घरात स्वतःची खोली आणि बंद दार मिळालं पाहिजे, एवढी सोय मात्र तुम्हाला करावी लागेल.

बरं होतं का? बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात १९९२ पासून बॉर्डरलाइनच्या २९० पेशंटचा पाठपुरावा सुरू झाला, सगळे भरती करावे लागलेले, म्हणजे तीव्र. दहा वर्षांत त्यांतल्या ९३ टक्क्यांची लक्षणं किमान दोन वर्षं निकषांच्या खाली राहिली. नोकरी आणि नाती दोन्ही नीट सांभाळण्यापर्यंत निम्मे पोचले. हे आकडे मी नवऱ्यांना मुद्दाम सांगते, कारण "हे कधी बदलणार नाही" असं इंटरनेटवर वाचून ते आलेले असतात. पण निम्मे म्हणजे सगळे नव्हेत, आणि दहा वर्षं म्हणजे दहा वर्षं, हेही सांगते.

तोवर घरात काय करायचं? फोनपासून सुरुवात करा. शॉप फ्लोअरवर फोन नेता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे, चार वाजता घाबरलेल्या माणसाला ते आठवत नाही. सकाळीच मेसेज टाका: "फोन लॉकरमध्ये. एक वाजता आणि साडेपाचला मी करतो." आणि साडेपाचला खरंच करा, बसमध्ये मित्रांशी गप्पा मारायच्या आधी. मध्ये आलेल्या मिस कॉलबद्दल टोमणा नाही आणि माफीही नाही. आवाज चढला की "मी वीस मिनिटं गच्चीवर जातो, परत येतो" असं सांगून जा आणि एकविसाव्या मिनिटाला समोर या. 'परत येतो' हे शब्द गिळू नका, सगळं त्या दोन शब्दांवर आहे. शिव्या, वस्तू फेकणं, तुमचा फोन हिसकावणं खपवून घ्यायची गरज नाही. ते शांत वेळी सांगा, भांडणात नाही. "जीव देईन" या धमकीवर कुठलंही वचन देऊ नका, ना नोकरी सोडायचं ना आईशी बोलणं तोडायचं. त्या क्षणी एकच काम: सोबत थांबणं आणि दवाखाना.

तुमच्या आईंशी तुम्हीच बोला, बायकोला पुढं करू नका. "तमाशे बंद करा" असली वाक्यं घरात होत असतील तर ती बंद झाली पाहिजेत. वेगळं घर घ्यायचं की नाही याचा निर्णय आत्ताच नको. वेगळं झाल्यावर दिवसभर त्या एकट्याच असतील, आणि तुमच्या वहीत पहिल्या फोनच्या वेळी काय दिसतं ते आधी पाहू. मुलीला "आईला सांग" करत मधला निरोप्या बनवू नका. आदळआपट झाली तर दुसऱ्या दिवशी तिला सांगा की आईबाबा भांडले, तुझ्यामुळे नाही. चार वर्षांच्या मुलांना ते आपल्यामुळेच झालं असं वाटत असतं.

पहिल्या भेटीला वही, थायरॉईडचा रिपोर्ट, आधी घेतलेल्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या आणि बाळंतपणाची फाइल घेऊन जा. दिवाळीतल्या जखमेचं तुम्ही सांगण्याआधी त्यांना सांगू द्या. अर्ध्या दिवसाची रजा पुरणार नाही, पूर्ण दिवसाची टाका, आणि मुलीला त्या दिवशी आजीजवळ ठेवा.